दोन निवेदक आणि एक मौन : मेडोज टेलरच्या ठग-कादंबरीचा पुनर्विचार

१

परतवाड्याहून उत्तरेकडे दोन वाटा निघतात. एक बहिरमवरून सातपुडा ओलांडून बैतुलकडे जाते. दुसरी मेळघाटातून धारणीकडे जाऊन पुढे बऱ्हाणपूरच्या बाजूस उतरते. नर्मदेपलीकडील मुलूख व दख्खन यांच्यातील येजा सातपुड्याच्या अशाच घाटांतून होत आली आहे. शेजारचे अचलपूर, म्हणजे पूर्वीचे एलिचपूर, ही इमादशाहीच्या काळी वऱ्हाडची राजधानी होती. परतवाडा ही त्या शहराजवळ वसलेली, निजामाच्या नावाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची छावणी. याच फौजफाट्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली व १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली एक कादंबरी उमरावती व एलिचपूर या गावांचा उल्लेख करते. परंतु राजधानी, बाजारपेठ किंवा छावणी या नात्याने त्यांचे महत्त्व तेथे दुय्यम आहे. तेथे ती वाटसरूंची पारख करीत हिंडणाऱ्या एका टोळीच्या वाटेवरील मुक्कामाची ठिकाणे आहेत.

ही कादंबरी म्हणजे फिलिप मेडोज टेलर याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. तिच्याकडे आजवर मुख्यत्वेकरून दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. काहींनी ती इतिहासाचे साधन म्हणून वाचली व तिच्यातील वर्णने ठगांच्या चालीरीतींचा प्रत्यक्ष पुरावा मानली. काहींनी ती साम्राज्याच्या समर्थनार्थ रचलेली कहाणी ठरवून बाजूस सारली. या दोन्ही मतांत तथ्यांश आहे. पण दोन्ही मते एका प्रश्नाला वळसा घालतात. ती कादंबरी आहे, आणि कादंबरी म्हणून ती वाचकास आजही भयभीत करते. हे भय कोठून येते, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कादंबरीतील भयाचे मूळ खुनांच्या वर्णनांत शोधून सापडणार नाही; ते तिच्या निवेदनपद्धतीत आहे. येथे दोन निवेदक समोरासमोर बसले आहेत. एक कैदी, दुसरा त्याला बोलते करणारा साहेब. दोघांच्या भूमिका परस्परविरोधी आहेत. परंतु ज्याने दुसऱ्याचे कथन तपासावयाचे तोच हळूहळू त्या कथनाच्या अधीन होतो. आणि या दोघांच्या बोलण्यात ज्या तिसऱ्याला स्थानच उरत नाही, त्याचे मौन ध्यानी घेतल्यावाचून या ग्रंथाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

२

ग्रंथकाराचा परिचय थोडक्यात द्यावयास हवा. टेलरचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईस एका व्यापारी पेढीत नोकरीकरिता आला. पण लवकरच त्याला निजामाच्या लष्करात जागा मिळाली व पुढील बहुतेक सारे आयुष्य त्याने दख्खनमध्ये काढले. तो कंपनीचा नोकर नव्हता, निजामाचा होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. हैदराबादचे प्रसिद्ध पेढीवाले विल्यम पामर यांची कन्या ही त्याची पत्नी. आणि पामर हे इंग्रज पिता व हिंदी माता यांचे पुत्र होते. दोन समाजांच्या सीमेवर त्याचा संसार उभा होता. पुढे सुरापूर संस्थानाचा कारभार, नळदुर्ग जिल्हा, आणि १८५७ च्या धामधुमीत वऱ्हाडातील बुलढाणा, अशी कामे त्याच्याकडे आली. १८७६ साली तो मरण पावला व 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' हे त्याचे आत्मचरित्र त्यानंतर १८७७ मध्ये निघाले.

त्या आत्मचरित्रात एक रुखरुख नोंदलेली आहे. तरुणपणी पोलिसी कामावर असता आपल्या हद्दीतील बेपत्ता वाटसरूंचा छडा त्याने लावावयास घेतला होता; परंतु पलटणीत परत बोलावणे आल्याने काम अर्धवट राहिले आणि ठगांचा शोध लावल्याचे श्रेय विल्यम स्लीमनकडे गेले. हुकलेल्या शोधाची ही भावना कादंबरीच्या जन्माशी निगडित असावी, असे मानावयास जागा आहे. प्रत्यक्षात जे प्रकरण त्याच्या हातून निसटले ते त्याने कल्पनेत पूर्णत्वास नेले.

आता 'गॉथिक' या संज्ञेविषयी. होरेस वॉल्पोलच्या १७६४ मधील 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' पासून जो भयकथेचा प्रवाह इंग्रजीत सुरू झाला, त्याला हे नाव पडले. पडका किल्ला, तळघर, घराण्याचे लपविलेले पाप, मनाला ग्रासणारा ध्यास आणि ज्याच्या सत्यतेविषयी शंका घ्यावी असा सापडलेला कागद किंवा कबुलीजबाब, ही त्याची ठळक लक्षणे. टेलरच्या कादंबरीत किल्ले आहेत, पण ते भयस्थाने नव्हेत. तळघराचे काम येथे आमराई करते. भुयाराच्या जागी राजरस्ता आहे. मात्र लपविलेले पाप, ध्यास व कबुलीजबाब ही तीन लक्षणे पुरेपूर असल्याने तिला या प्रवाहात स्थान देण्यास प्रत्यवाय नसावा.

३

कथानक असे. अमीर अली हा पठाण घराण्यातील मुलगा. आईबापांसह प्रवासास निघाला असता ठगांच्या टोळीने त्या दोघांचा गळा आवळून जीव घेतला. टोळीतील गणेशा या ठगाला मुलासही संपवावयाचे होते. पण टोळीचा म्होरक्या इस्माइल निपुत्रिक होता. त्याने त्या मुलाला आपला म्हणून वाढविले. वयात आल्यावर अमीर अलीला दीक्षा मिळते आणि पहिल्याच मोठ्या मोहिमेत टोळी दख्खनच्या दिशेने, वऱ्हाडच्या वाटेने निघते. पुढे तो टोळीचा जमादार होतो, विवाह करतो, काही काळ चितूच्या पेंढाऱ्यांत सामील होतो, झालोनच्या राजाच्या कैदेत बारा वर्षे काढतो, आणि अखेर इंग्रजांच्या हाती सापडून माफीचा साक्षीदार बनतो. या अवस्थेत तो आपली हकीकत साहेबाला सांगत आहे. त्याच्या हिशेबी त्याचे खून सातशे एकोणीस. तुरुंगवास आड आला नसता तर संख्या हजारावर गेली असती, अशी खंत तो व्यक्त करतो.

साहेबाला नाव नाही. ग्रंथाच्या आरंभीची ऐतिहासिक प्रस्तावना टेलरच्या नावाने आहे, तेव्हा साहेब म्हणजे टेलरच असे वाचक गृहीत धरतो. परंतु कथेतील साहेब हे स्वतंत्र पात्र आहे. तो क्वचित बोलतो. काही प्रकरणांच्या आरंभी तो कैद्याचे वर्णन करतो : त्याचा बांधा, त्याचा नीटनेटका पोशाख, त्याची अदब, त्याचा आवाज. मधूनच प्रश्न विचारतो. कधी उद्गार काढून स्वतःला सावरतो. मानवी मनाच्या इतिहासातील एक विलक्षण पान आपण वाचीत आहो, ही त्याची समजूत. हे पान मिटावे असे मात्र त्याला कधी वाटत नाही.

या दोघांतील विरोध वरवर पाहता स्पष्ट आहे. एक खुनी, दुसरा न्यायाचा प्रतिनिधी. एक दैवाच्या नावाने बोलतो, दुसरा नीतीच्या. परंतु बोलण्याचा विस्तार पाहिला तर पारडे पूर्णपणे अमीर अलीच्या बाजूने झुकते. ग्रंथाचा फार मोठा भाग त्याच्या तोंडी आहे. साहेबाला हुंकाराएवढीच जागा मिळते. अमीर अली एके ठिकाणी विचारतो की, तुम्ही साहेबलोक वाघ-हरणांच्या मागे दिवस दिवस घालविता, शिकारीची हौस तुम्हांस वेडे करते; मग ठगाची शिकार तर त्याहून श्रेष्ठ प्राण्याची, त्यात त्याने रमावे यात आश्चर्य ते काय? मेळघाटच्या व चिखलदऱ्याच्या रानांत साहेबांच्या शिकारीच्या कहाण्या ज्या प्रदेशाने ऐकल्या आहेत, तेथील वाचकास या प्रश्नाची धार विशेष जाणवेल. साहेबाजवळ या युक्तिवादाला समर्थ उत्तर नाही. तो पुढे ऐकू लागतो.

मराठी वाचकास अनेक निवेदकांची कादंबरी अपरिचित नाही. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) मध्ये ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. पण तेथे तिघांचा बोलण्याचा अधिकार सारखा आहे. कोणी कोणाचा कैदी नाही. टेलरच्या कादंबरीत एका निवेदकाचा जीव दुसऱ्याच्या हाती आहे, आणि दुसऱ्याचे कुतूहल पहिल्याच्या. हा परस्परांवरील ताबा हेच या रचनेचे वैशिष्ट्य होय.

न. चिं. केळकरांनी काव्यानंदाची मीमांसा करताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक आपले मीपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, असा तिचा मथितार्थ. टेलरने या प्रक्रियेतील दोन अंगांना जणू दोन देह दिले आहेत. अमीर अली ही ती भूमिका, जीत वाचक शिरतो. साहेब हे ते मीपण, जे सुटू नये म्हणून वाचक धडपडतो. कादंबरी वाचीत असता मोहीम यशस्वी व्हावी, सावज हातचे जाऊ नये, अशी इच्छा वाचकाच्या मनात नकळत उद्भवते आणि नेमक्या त्या क्षणी साहेबाचा उद्गार येऊन त्याला भानावर आणतो. परंतु साहेबही तेच ऐकण्यास आतुर होता, हे ध्यानात येताच ते भानही निर्दोष राहत नाही.

४

या रचनेचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या पंधरा वर्षे आधीची एक कादंबरी जवळ ठेवून पाहावी. स्कॉटिश लेखक जेम्स हॉग याची 'द प्रायव्हेट मेम्वार्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर' १८२४ साली निनावी प्रसिद्ध झाली. टेलरने ती वाचली होती असे येथे सुचवावयाचे नाही. दोघांनी एकच पेच दोन निरनिराळ्या भूमींवर मांडला, एवढेच दाखवावयाचे आहे.

हॉगच्या कादंबरीत प्रथम एक संपादक घराण्याची हकीकत सांगतो : दोन भाऊ, एक मनमोकळा जॉर्ज, दुसरा कर्मठ धर्मोपदेशकाच्या छायेत वाढलेला रॉबर्ट, जॉर्जचा खून, रॉबर्टवरील संशय. नंतर रॉबर्टचे स्वतःचे टिपण येते. ईश्वराने ज्यांना उद्धारासाठी आधीच निवडले आहे त्यांना कोणतेही पाप बाधत नाही, या मताने तो झपाटलेला आहे. गिल-मार्टिन नावाचा एक गूढ सोबती त्याला या मताच्या टोकापर्यंत, म्हणजे हत्येपर्यंत, नेतो. हा सोबती सैतान आहे की रॉबर्टच्याच मनाची सावली, याचा निर्णय ग्रंथ देत नाही. शेवटी संपादक पुन्हा येतो, थडगे उकरून कागद बाहेर काढल्याचे सांगतो, आणि या साऱ्याचा अर्थ आपणास लागत नाही अशी कबुली देतो. त्या प्रसंगी हॉग स्वतः एका मेंढपाळाच्या रूपाने येऊन थडगे उकरण्यास मदत नाकारतो, ही योजनाही अर्थपूर्ण आहे.

दोन्ही ग्रंथांतील साम्य उघड आहे. दोन्हीकडे खुनाला दैवी अनुज्ञा आहे. रॉबर्टला पूर्वनियोजित उद्धाराची, अमीर अलीला भवानीच्या शकुनांची. दोन्हीकडे ध्यासाला तर्कशास्त्र आहे, आणि ते आतून पाहता बिनतोड आहे. दोन्हीकडे बाहेरचा शहाणा माणूस त्या तर्कापुढे तोकडा पडतो.

भेद मात्र अधिक महत्त्वाचा. हॉगचा संपादक व पापी एकमेकांस कधीही भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये एका शतकाहून अधिक काळाचे अंतर व एक थडगे आहे. संपादकाजवळ कागद आहे, देह आहे, दंतकथा आहेत. पण पापी माणसाला विचारण्याची सोय नाही. म्हणून हॉगचे भय अज्ञेयाचे भय आहे. टेलरचे दोघे एकाच खोलीत बसले आहेत. साहेब हवा तो प्रश्न विचारू शकतो, आणि त्याला उत्तर मिळते. अगदी तपशीलवार, तारखेवार, अदबीने मिळते. येथे काहीही अज्ञेय राहत नाही, आणि तरीही भय कमी होत नाही. किंबहुना सर्व काही कळूनही ते का घडले हे न उमगणे, हेच येथील भयाचे स्वरूप आहे.

५

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत पाहू गेल्यास एक चमत्कारिक अडचण उभी राहते. भयानक रसाचा स्थायीभाव भय. त्याचे विभाव म्हणजे विकृत आवाज, ओसाड घर, अरण्य, पिशाच्च इत्यादी. टेलरच्या कादंबरीत हत्येपूर्वी यांपैकी काहीही नसते. तेथे असते ती सोबत. वाटेवर भेटलेला व्यापारी एकट्याने जाण्यास भीत असतो. टोळीतील सोथा, म्हणजे गोड बोलून सावज वळविणारा, त्याला धीर देतो. रस्ता वाईट आहे, आपण मिळून जाऊ, असे सांगणारा ठगच असतो. पुढे काही मजल एकत्र होतात. गप्पा, गाणी, जेवणे होतात. लुघा, म्हणजे कबरी खणणारे, आदल्या दिवशीच पुढे जाऊन नेमलेल्या जागी खड्डे तयार ठेवतात. संध्याकाळी झाडाखाली बैठक बसते. भुर्तोट, म्हणजे फास टाकणारे, एकेका पाहुण्यामागे सहज येऊन बसतात. मग झिरनी होते. झिरनी म्हणजे इशारा; आणि तो तंबाखू आणावयास सांगण्याइतका साधा असतो.

या व्यवस्थेतील क्रौर्य शस्त्रात नाही. रुमालासारखी घरगुती वस्तू हेच येथे शस्त्र आहे. क्रौर्य आहे ते विश्वासाच्या उपयोगात. ज्या समाजात वाटसरूची सोबत ही पुण्याची गोष्ट, तेथे सोबत हेच हत्यार झाले. मराठीत 'ठक' व 'ठकविणे' हे शब्द फसवणुकीसाठी रूढ आहेत, मारण्यासाठी नव्हेत. भाषेने या पेशाचे मर्म नेमके ओळखले आहे असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट अशी की, या घटना सांगताना अमीर अलीच्या मनातील स्थायीभाव भय नाही, जुगुप्सा तर नाहीच. तो उत्साह आहे. तो वीररसात बोलतो. मोहीम, शकुन, सरदारी, सोबत्यांची वाहवा, घरी परतल्यावरचा मान, असे हे एका पराक्रमी पुरुषाचे आत्मकथन आहे. साहेब तेच ऐकून भयचकित होतो. एकाच घटनेचे एका निवेदकाच्या मुखी वीर व दुसऱ्याच्या मनी भयानक असे दोन रस होतात, आणि वाचक या दोहोंच्या मध्ये सापडतो. या ग्रंथाची शक्ती या रसविरोधात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पेंढाऱ्यांचा भाग या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. लूट, जाळपोळ, बायकांचे हाल पाहून अमीर अलीला किळस येते. गफूरखान नावाच्या क्रूर पेंढाऱ्याला तो स्वतः फास देतो आणि त्यात आपण न्याय केला असे मानतो. शेकडो निरपराधांचा जीव घेणाऱ्या या माणसाला क्रौर्याची चीड आहे! ही विसंगती त्याला दिसत नाही. कारण त्याच्या लेखी आपले काम म्हणजे क्रौर्य नव्हे, ते नियमबद्ध, दीक्षायुक्त, तपौनीच्या गुळाने पवित्र झालेले कर्म आहे. ध्यासाने पछाडलेला मनुष्य नीतिशून्य नसतो; त्याची नीती अत्यंत काटेकोर असते, फक्त तिच्या मध्यभागी एक काळोखी जागा असते. हॉगच्या रॉबर्टविषयीही हेच म्हणता येईल.

आणि या काळोख्या जागेत काय आहे ते कादंबरीच्या अखेरीस कळते. आईबापांसह प्रवासास निघताना अमीर अलीची धाकटी बहीण घरी राहिली होती. वर्षे लोटतात. एका मोहिमेत त्याने जिला स्वतःच्या हाताने मारले ती स्त्री म्हणजे तीच बहीण, हे त्याला फार उशिरा उमगते. सातशे एकोणीस मृत्यूंपैकी हा एकच त्याला जाळतो. येथे टेलरने गॉथिक कथेतील घराण्याचे गुप्त पाप आणले खरे; पण या योजनेत एक कठोर विधानही आहे. बाकीच्या साऱ्या स्त्रीपुरुषांना कोणी ना कोणी भाऊ होता. अमीर अलीला ते कळण्यासाठी बहीणच मरावी लागली. आणि कळूनही ते ज्ञान त्या एका मृत्यूपलीकडे पसरले नाही.

६

येथवर आपण दोन्ही निवेदकांना साहित्यातील पात्रे मानले. परंतु माफीचा साक्षीदार ही कायद्याची वस्तू आहे, आणि तिचा विचार टाळता येत नाही. स्लीमनच्या कार्यपद्धतीचा सारा डोलारा पकडलेल्या ठगांच्या जबान्यांवर उभा होता. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमान्वये ठगांच्या टोळीत कधीही सामील असणे एवढ्यावरच जन्मठेप होऊ लागली. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज राहिली नाही. जो जबानी देई, सोबती दाखवी, गाडलेले देह उकरून देई, त्याचा फास टळे. त्याच वर्षी स्लीमनने ठगांच्या सांकेतिक भाषेचा 'रामासीआना' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. टेलरची परिभाषा मोठ्या प्रमाणात याच वर्तुळातून आलेली आहे.

अशा परिस्थितीत अमीर अलीचे कथन निःस्वार्थ कसे मानावे? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींतील शहाजादी रोज रात्री गोष्ट सांगून आपला जीव वाचविते. अमीर अलीही तेच करीत आहे. गोष्ट जितकी मोठी, जितकी पद्धतशीर, जितकी भवानीच्या आज्ञेने चाललेली, तितकी ती साहेबाच्या उपयोगाची. आणि जितकी उपयोगाची तितका सांगणाऱ्याचा जीव सुरक्षित. उलटपक्षी साहेबाच्या खात्याचे अस्तित्वही अशी गोष्ट मिळत राहण्यावर अवलंबून आहे. दोघे शत्रू असूनही या व्यवहारात भागीदार आहेत.

इतिहाससंशोधनाने हा संशय पुष्कळ अंशी योग्य ठरविला आहे. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये या टोळ्यांचा संबंध अठराव्या शतकातील माळव्यातील सत्तास्पर्धेशी व स्थानिक आश्रयदात्यांशी जोडला. किम वॅगनर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात ठगी सर्वस्वी कपोलकल्पित नव्हती, पण देशभर पसरलेल्या धार्मिक कटाचे जे रूप तिला इंग्रजी लेखनाने दिले ते पुराव्याच्या पलीकडचे होते, असा मध्यम पक्ष स्वीकारला. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडून देवगावचा तह झाल्यानंतरच्या काळात वऱ्हाड व माळवा येथे बेकार शिपाई, पेंढारी व सत्ताबदल यांनी जी अस्थिरता माजली, तिच्या पार्श्वभूमीवर हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

पण यावरून कादंबरी निकालात निघते काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. टेलरने जाणून वा नकळत, जबानीची रीतच कादंबरीच्या गाभ्याशी आणून ठेवली. सरकारी दप्तरात विचारणारा अदृश्य असतो; कागदावर उत्तरे तेवढी राहतात. टेलरने विचारणाऱ्याला खोलीत बसविले, त्याची उत्सुकता दाखविली, त्याचे थरकापणे व तरीही न उठणे दाखविले. दप्तर जे लपविते ते कादंबरीने उघड केले. साम्राज्याच्या समर्थनार्थ म्हणून जो साहेब आणला, तोच त्या समर्थनाविरुद्धचा साक्षीदार झाला.

७

आता त्या तिसऱ्याविषयी. सातशे एकोणीस वाटसरूंपैकी एकाचीही बाजू या ग्रंथात त्याच्या स्वतःच्या शब्दांत नाही. ते बोलतात ते अमीर अलीच्या स्मरणातून, आणि फसण्यापुरतेच. रजेवर निघालेला शिपाई, हुंडी घेऊन जाणारा सावकार, सासरी जाणारी मुलगी यांना खुन्याने मारले आणि नंतर कथेने सावज केले. दोन निवेदकांच्या वादात साक्षीदाराची जागा रिकामी राहिली. ही या रचनेची मोठी मर्यादा होय. कादंबरीची भाषा इंग्रजी, तिच्यातील कल्पित संभाषण हिंदुस्थानी. ज्या मुलखातून टोळी जाते तेथील मराठी बोली कोठेही ऐकू येत नाही, हेही याच मौनाचे एक अंग आहे.

हे मौन एका देवतेच्या बाबतीतही जाणवते. तुळजापूरची भवानी ज्या घरांची कुलस्वामिनी आहे, त्या वाचकास ठगांची भवानी वाचताना आपल्याच देवघरात परका मनुष्य शिरल्यासारखे वाटते. येथे टेलरचीच पुढील वाटचाल उद्बोधक आहे. नळदुर्गच्या वास्तव्यात तुळजापूर त्याच्या जवळ आले, आणि १८६३ च्या 'तारा' या कादंबरीत त्याने त्याच क्षेत्राची व तेथील देवीला वाहिलेल्या एका तरुण विधवेची कथा लिहिली. तिच्यातही त्याच्या काळाचे पूर्वग्रह आहेतच. पण पहिली भवानी त्याने माफीच्या साक्षीदारांकडून ऐकलेली होती, दुसरी त्या मुलखात राहून पाहिलेली. पुराव्याचे साधन बदलताच देवताही बदलली. जबानी आणि सहवास यांतील अंतर यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

वाटसरूची बाजू मराठीत शोधावयाची झाल्यास विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आपल्यापाशी आहे. १८५७ च्या सुमारास वरसईहून उत्तरेस गेलेला हा गरीब भिक्षुक झाशीच्या लुटीत सापडला, नागवला गेला आणि गंगेची कावड घेऊन घरी परतला. त्याचा ग्रंथ १९०७ साली छापला गेला. तेथे भय आहे, पण त्याला कोणी ऐकत बसलेला नाही. वाटेवरचा मनुष्य स्वतःच बोलतो आहे. त्याची गाठ ठगांशी पडली नव्हती, काळही वेगळा होता; तथापि टेलरच्या शेजारी त्याला ठेवून वाचले असता अमीर अलीच्या रसाळ कथनात काय हरवले आहे ते चटकन कळते.

तेव्हा या कादंबरीकडे केवळ खोटी म्हणून पाठ फिरविणे किंवा इतिहास म्हणून तिच्यावर विसंबणे, हे दोन्ही मार्ग अभ्यासकाने टाळावेत. तिच्यात बोलणारे दोघेही आपापल्या गरजेने बोलतात. त्यांच्या बोलण्याची परीक्षा एकाच्या शब्दाने दुसऱ्याचा शब्द खोडून होणार नाही. ज्यांना बोलता आले नाही त्यांची जागा मनात रिकामी ठेवूनच ती करावी लागेल. कथेतल्या टोळीने ज्या वाटांनी सावज हेरले, त्यांतील काही आपल्याच मुलखातील आहेत. त्या वाटेवर जे मेले त्यांचे ऋण निदान एवढे तरी आहे की, त्यांच्या मृत्यूची गोष्ट ऐकताना साहेबाप्रमाणे आपण नुसते मंत्रमुग्ध होऊन बसू नये.